उपासनेतले कापडी बॅनर : नवा शिवायचाय, जुना वाचवायचाय

मार्था_म

नमस्कार लोकहो,

आमच्या महिला मंडळाने पेन्टेकॉस्टसाठी (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) नवा बॅनर शिवायचा घाट घातलाय. वेदीशेजारच्या भिंतीवर टांगायचा, उंची माणसाच्या दीडपट. लाल कापड, वरून उतरणारं कबुतर, खाली ज्वाळा आणि वचनाची एक ओळ. इथवर एकमत झालं आणि मग गाडी अडली. अर्ध्या जणी म्हणतात फेल्ट घ्या, कडा सुटत नाहीत, डिंकाने चिकटवलं की झालं. उरलेल्यांना सॅटिनच हवं, कारण ते 'उठून दिसतं'. पाळकसाहेबांनी वेगळंच पिल्लू सोडलं : फ्लेक्स छापून आणा, कशाला एवढा खटाटोप!

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. कपाटाच्या तळाशी एक जुना जांभळा रेशमी बॅनर सापडला. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, लावत असत म्हणे. मधोमध रंगवलेलं चित्र, भोवती जरीकाम. घडीवर घडी घालून ठेवलेला, आणि त्या घड्यांवरच रेशीम चिरत गेलंय. कुबट वासही येतोय. धुवावा का? ड्रायक्लीनला द्यावा का? फाटलंय तिथे मागून टेप लावावी का?

जाणकारांनी कृपया लिहा.

जुना_घंटावाला

फ्लेक्सला माझं ठाम नाही. वरचा दिवा लागला की चकाकतं आणि मागच्या बाकावरून अर्धं वचन दिसतच नाही. वर ते कबुतर मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतलं वाटतं.

काजटाका

मार्थाताई, आधी जुन्याचं बोलू, कारण तिथे घाईत काही केलं तर परतीचा रस्ता नाही.

धुवायचा नाही, ड्रायक्लीन नाही, इस्त्री तर मुळीच नाही. आणि टेपचं नावही काढू नका! तिचा चिकटा रेशमात मुरतो, पिवळा पडतो आणि काढताना धागे सोबत घेऊन येतो.

रेशीम घडीवर का चिरतं तेही सांगते. कच्च्या रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढला की त्याचं पाव-एक वजन जातं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे काही दशकं ही तूट भरून काढायला कारखानदार रेशमाला कथिलाच्या क्षारांत बुडवत. कापड जड होई, झोकात पडे, पण तेच क्षार आणि उजेड मिळून धागा ठिसूळ करतात. असं रेशीम फाटत नाही, तडकतं. त्यात सुई घातली की प्रत्येक भोक नव्या चिरेची सुरुवात. तुमचं कापड नेमकं याच जातीचं आहे का, हे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण वागवायचं मात्र त्याच जातीचं असल्यासारखं.

सध्या एवढंच करा. स्वच्छ धुतलेली, रंग न जाणारी सुती चादर पसरून त्यावर पूर्ण उलगडा. उलगडताना कापड उचलू नका, खाली चादर किंवा पुठ्ठा सरकवत न्या. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चिरांचे जवळून. खोली सावलीची आणि हवेशीर हवी. आणि वास कुबट आहे म्हणजे बुरशीची शक्यता धरून चाला : तोंडाला मास्क, आणि बाकीच्या कापडांपासून तो वेगळा.

मधुरा_शिवते

+१. मी ड्रायक्लीन सुचवणार होते, बरं झालं आधी हे वाचलं.

शंकेखोर

रागावू नका, पण मूळ शंका. बॅनर हवाच कशाला? मी ब्रदरन घरात वाढलो, म्हणजे साधी उपासना पाळणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथात. कोरी भिंत, मेज, भाकर, प्याला आणि वचन. कुणाची भक्ती अडली नाही. आज कबुतर, उद्या आणखी काही. 'मूर्ती करू नको' या दुसऱ्या आज्ञेपासून आपण किती हात लांब राहतो?

रेव्हताई

शंकेखोरदादा, शंका जुनी आहे आणि मानाचीही. पण बायबलच्या ज्या निर्गम पुस्तकात ती आज्ञा आहे, त्यातच निवासमंडपाचा (देवाच्या उपासनेच्या तंबूचा) अंतरपट आहे : निळं, जांभळं, किरमिजी सूत, तलम कातलेलं कापड आणि त्यावर करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, विणलेले. पस्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब यांना भरतकामाचं कौशल्य देवाने दिलं असं स्पष्ट म्हटलंय. गणना पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात प्रत्येक वंश आपापल्या निशाणाजवळ तळ देतो. विसाव्या स्तोत्रात देवाच्या नावाने झेंडे उभारायची भाषा आहे. बॅनरची आराधना कुणी करत नाही, तो आराधनेकडे बोट दाखवतो.

शंकेखोर

बोट दाखवणाऱ्याकडेच लोक बघत बसतात, हीच तर तक्रार आहे :)

इतिहासवेडा

थोडं अवांतर. उभा दांडा, त्यावर आडवी दांडी आणि तिच्यावरून लोंबणारं कापड, ही ठेवण रोमन सैन्यातली. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या 'लाबारम' या निशाणाचं वर्णन चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने करून ठेवलंय : सोन्याने मढवलेला भाला, आडवी दांडी, तिच्यावरून टांगलेलं चौकोनी कापड आणि टोकाला पुष्पचक्रात ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरं. कॉन्स्टंटाइनने जिंकलेली मिल्व्हियन पुलाची लढाई इसवी सन ३१२ ची. म्हणजे मिरवणुकीतल्या बॅनरचा सांगाडा सतराशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

मार्थाताईंच्या बॅनरवर मधोमध चित्र रंगवलेलं आहे, त्यावरून आठवलं. लंडनच्या जॉर्ज टुटिलने १८३७ मध्ये बॅनर बनवायचा धंदा सुरू केला. कामगार संघटना आणि संडेस्कूल ही त्याची मोठी गिऱ्हाइकं. रेशमावरचा तैलरंग वाळून कडक होतो आणि गुंडाळताना तडे जातात, म्हणून त्याने कापडावर रबराचा लेप देऊन रंगवण्याची पद्धत काढली आणि १८६१ मध्ये पेटंट घेतलं.

शंकेखोर

म्हणजे आला तो लष्करातूनच. माझा मुद्दा आयता सिद्ध करून दिलात, आभारी आहे.

काजटाका

इतिहासवेडा, हे अवांतर नाहीच. रंगवलेला भाग ताठ राहतो आणि भोवतालचं रेशीम मऊ, त्यामुळे सगळा ताण दोघांच्या सीमेवर येतो आणि चिरा तिथून सुरू होतात. ताई, चित्राच्या कडेकडेने नीट बघा. तसं असेल तर हा बॅनर गुंडाळायचासुद्धा नाही. फळीवर चादर घालून सपाट ठेवायचा, वरून दुसरी चादर.

मार्था_म

हो, अगदी तसंच आहे! चित्राच्या खालच्या कडेला वीतभर चीर आहे, घडी नसतानाही. आणि जरी काळवंडलीय, ती पॉलिशने उजळेल का?

जरीकाठ

नाही. खऱ्या जरीत धाग्यावर चांदीची पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि त्यावर सोन्याचा मुलामा. काळं पडते ती चांदी. घासून ते काळं काढाल तेव्हा मुलामाही निघेल, शिवाय पॉलिश धाग्यात उतरेल ते वेगळंच. कलाबतू जुनी दिसली तर दिसू दे.

पुढची काळजी मात्र घेता येते. चांदी गंधकाने काळवंडते, आणि रबरबँड, रबरी फोम, लोकरी कापड यांतून गंधकाची संयुगं सुटत असतात. जरीचा बॅनर लोकरी फेल्टमध्ये गुंडाळून ठेवणं हे प्रेमापोटी केलेलं नुकसान. डांबरगोळ्याही त्याच कपाटात नकोत.

दांडीधर

मी मिरवणुकीत बॅनर धरणारा गडी. शिवणाऱ्या ताईंना खांबाच्या या टोकाकडून काही विनंत्या.

दाराची उंची मोजा. शिवून झाल्यावर नाही, आधी. दांडा, वरचा क्रूस, धरणाऱ्याचा हात असं सगळं धरून. दारातून जाताना बॅनर पुढे झुकवावा लागतो, आणि नेमका तेव्हाच मागचा गायकवर्ग पाठीवर येऊन आदळतो.

आडव्या दांडीच्या टोकांना जे गोंडेवाले दोर असतात ते शोभेचे नाहीत हो! दोन्ही बाजूंना एकेक जण ते धरून चालतो, तेव्हा वाऱ्यात बॅनर फिरत नाही. हल्ली आखूड दोर लावून नुसतेच लोंबकळत ठेवतात आणि वारा सुटला की मी एकटा भोवऱ्यासारखा गरगर.

आणि कृपा करून वजन! मखमल, कॅनव्हासचं अस्तर, झालर, वर पितळी क्रूस. उपासना संपेपर्यंत खांद्याचं लाकूड होतं.

मधुरा_शिवते

दांडीधर :D पाऊस आला तर काय करता?

दांडीधर

पळतो.

काजटाका

पळाल्यावर : भिजलेला बॅनर गुंडाळायचा नाही, घडी नाही, पिळायचा नाही. सपाट पसरून वर पांढरं सुती कापड दाबायचं, म्हणजे ते पाणी टिपून घेतं. पंखा लावायचा, ऊन नको. दोन रंग एकमेकांना टेकून वाळले की एकाचा डाग दुसऱ्यावर कायमचा. म्हणून नवा बॅनर शिवण्याआधी प्रत्येक कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून बघा. लाल सगळ्यात दगाबाज, आणि तुमचा बॅनर लालच आहे.

सुईदोरा

आता फेल्ट-सॅटिनच्या भांडणात मी पडते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथॉलिक चर्चची परिषद, १९६२-६५) पाश्चात्त्य चर्चमध्ये फेल्टचे बॅनर घरोघरच्या हौशी हातांनी झाले, कारण कात्री आणि डिंक एवढंच भांडवल लागायचं. त्यातल्या बऱ्याच बॅनरांची नंतर थट्टाही झाली. माझ्या मते दोष फेल्टचा कमी, डिंकाचा जास्त. फेल्टला ताणा-बाणा नसतो, तंतू नुसते दाबलेले, म्हणून कडा सुटत नाहीत. पण त्याच कारणाने मोठं पान स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतं. लोकरी फेल्टला कसर लागते. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरच्या फेल्टला ती लागत नाही, पण गोळे येतात.

डिंक आज घट्ट धरतो, पुढे ताठ होतो, पिवळा होतो आणि अक्षरं गळायला लागतात. बंदुकीने लावलेला गरम गोंद तर उन्हाच्या कवडशातही मऊ पडू शकतो. चिकटवायचंच तर जागेवर बसण्यापुरतं, धरून ठेवायचं काम टाक्याचं.

माझी निवड : पार्श्वभूमीला जरा वजनदार, घट्ट विणीचं सुती किंवा सुती-मिश्र कापड, आधी धुऊन आटवलेलं. त्यावर ज्वाळांना सॅटिन, कबुतराला पांढरं सुती. चकाकी पाहिजे तिथेच. सगळं सॅटिन केलंत तर ज्वाळा आणि पार्श्वभूमी एकसारख्या चमकतात आणि लांबून नुसता लाल डोंब दिसतो.

अक्षरवेडा

अक्षरांविषयी कुणी बोललं नाही म्हणून.

ढोबळ हिशेब असा : दर दहा फुटांना एक इंच उंची. शेवटचा बाक साठ फुटांवर असेल तर अक्षर सहा इंच. देवनागरीत हे सहा इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरा; वेलांट्या, मात्रा आणि उकार यांना वर-खाली आणखी जागा लागते. रोमन लिपीचा नमुना बघून ओळींमधलं अंतर ठरवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

शिरोरेषेचा फायदा घ्या. पूर्ण शब्द एकाच तुकड्यात कापता येतो, अक्षरं आपोआप सरळ रांगेत बसतात. फ्युझिंगचा (इस्त्रीने चिकटणारा) कागद वापरणार असाल तर त्यावर अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी काढायची, कारण तो कापडाच्या उलट्या बाजूला बसतो. एकेकटा 'म' उलटा झाला तर लक्षात येतो. पूर्ण वचन उलटं कापून झालं की मंडळ दुभंगतं.

आणि अनुस्वार! सगळ्यात आधी गळतो. तो चिकटवू नका, टाक्याने भरा किंवा कापड मढवलेलं बटण लावा. 'शांती'चा अनुस्वार गेला की वेदीशेजारी 'शाती' वाचत बसावं लागतं.

जुना_घंटावाला

मुळात ओळ हवी का? कबुतर आणि ज्वाळा बघून ज्याला पेन्टेकॉस्ट कळत नाही, त्याला वाचूनही कळणार नाही.

रेव्हताई

इथे मी घंटावाल्यांच्या बाजूने. वचन उपासनेत वाचलं जातंच. बॅनरवर फार तर एखादा शब्द. आणि कबुतराची चोच खाली असू द्या. पुष्कळ बॅनरांवर ते वर तोंड करून निघून चाललेलं दिसतं.

मार्था_म

ओळ गेली तर अर्धं भांडण मिटेल. उरलेलं अर्धं कापडाचं. काजटाकाताई, तुमचं मत?

काजटाका

मी जरा उलटीकडून येते. हा बॅनर किती दिवस लागणार?

उपासनेच्या वर्षात लाल रंग फार थोडा येतो. पेन्टेकॉस्टचा रविवार, हुतात्म्यांचे दिवस, कुठे दीक्षाविधी. कॅथॉलिक मंडळींत झावळ्यांचा रविवार आणि उत्तम शुक्रवारही. पुढच्याच त्रैक्याच्या रविवारी पांढरा लागतो. म्हणजे तुमचा बॅनर भिंतीवर मोजके दिवस आणि कपाटात जवळजवळ सगळं वर्ष. त्याला उजेडाने मरण नाही, घडीने आहे. जांभळ्याचं तेच झालं.

हिरव्याचं बरोबर उलटं. साधारण काळ, म्हणजे मोठ्या सणांच्या हंगामांबाहेरचे आठवडे, ३३-३४ आठवड्यांचा, म्हणून हिरवा बॅनर अर्ध्या वर्षाहून जास्त उजेडात असतो आणि आधी तोच विटतो. संग्रहालयं जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या कित्येक पट असतं आणि गेलेला रंग परत येत नाही. हिरव्यासाठी पक्क्या रंगाचं कापड शोधण्यात वेळ घालवा, जमल्यास दोन करून आलटूनपालटून लावा.

तुमच्या लालसाठी मी कापडापेक्षा नळीचा विचार आधी करीन. बॅनरच्या रुंदीहून लांब, जितक्या मोठ्या घेराची मिळेल तितकी पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर धुतलेलं सुती कापड. बॅनर गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर. लोक चित्र जपायला म्हणून आत घेतात. मग सगळ्या चुण्या चित्रावर पडतात आणि अस्तर मस्त गुळगुळीत राहतं. बांधायला रुंद सुती पट्टी, वरून सुती खोळ. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. म्हणून सुईदोराचं कापड बरोबर आहे. जाड फेल्टचे थर नळीवर नीट बसत नाहीत.

दांडीधर

आणि टांगायचं कसं? पडद्याच्या कड्या लावून टांगलेले बॅनर बघितलेत. प्रत्येक कडीपाशी एक टोक आणि मधे झोळ.

काजटाका

मागच्या बाजूने पूर्ण रुंदीची नळशिवण, तिच्यात दांडी. नळशिवण अंमळ सैल, म्हणजे दांडीचा गोल पुढून उठत नाही. कापडाचा ताणा उभा ठेवा. तिरकं कापलंत तर एक कोपरा खाली उतरतोच. अस्तर वर आणि बाजूंना शिवा, खाली मोकळं सोडा. दोन कापडं वेगवेगळी ओघळतात, खालून बंद केलं की पोट सुटतं. आणि खालची दुमड शेवटी. आधी बॅनर थोडे दिवस टांगून ठेवा, जे ओघळायचं ते ओघळू द्या, मग पट्टीने मापून तुरपाई.

खाली वजन हवं असेल तर हलकी पट्टी पुरे.

मधुरा_शिवते

वाचनखूण साठवली. धूळ कशी काढायची पण?

जरीकाठ

कापड धडधाकट असेल तर व्हॅक्यूम क्लीनर कमीत कमी ओढीवर, तोंडाला नायलॉनची जाळी बांधून, कापडापासून किंचित वर धरून. झटकायचा नाही. मेणबत्त्यांच्या वर टांगत असाल तर काजळी चिकट असते, ती अशी निघणार नाही. तिथे टांगायचाच नाही, आगीच्या दृष्टीनेही. सुती पटकन पेट घेतं, पॉलिस्टर वितळून चिकटतं.

इतिहासवेडा

जांभळ्याचं पुढे काय? तो आता टांगता येणार नाही असं दिसतंय.

मार्था_म

त्यावरून घरात आणि मंडळात दोन्हीकडे वाद आहे. काही जणी म्हणतात चित्र कापून नव्या कापडावर बसवा. ज्यांच्या सासूबाईंनी जरीकाम केलं त्या म्हणतात हात लावाल तर याद राखा.

रेव्हताई

आशीर्वादित वस्तू निकामी झाली तर ती आदराने जाळावी किंवा पुरावी ही कॅथॉलिक रीत. इंग्लंडात पलटणींची जुनी निशाणं चर्चमध्ये आणून ठेवतात आणि तिथेच जीर्ण होऊ देतात. मला दुसरी वाट आवडते. सपाट पेटीत ठेवा, लेंटच्या एखाद्या दिवशी उघडून दाखवा.

काजटाका

चित्र कापायला माझा विरोध. ताठ चित्र नव्या मऊ कापडावर बसवलं की तीच सीमा परत तयार होणार. कापड-संवर्धनाचं काम करणारे बारीक जाळी रंगवून मागे-पुढे आधार देतात, पण ते घरी करायचं काम नव्हे. नमुना हवा असेल तर फोटोवरून नवा काढा.

शंकेखोर

विरोधक असूनही सुचवतो. नव्याच्या अस्तरावर कापडी चिठ्ठी शिवा : कोणती कापडं, कोणता धागा, कोणत्या साली, कुणी शिवला, धुता येतो की नाही. म्हणजे पुढच्या पिढीला धागा काढायला लागणार नाही. दोन्ही अर्थी.

मार्था_म

शंकेखोरदादा :) चिठ्ठी नक्की. ठरलं असं : सुती लाल, सॅटिनच्या ज्वाळा, ओळ नाही, चोच खाली. जांभळा सपाट, पेटी सुताराकडून करून घेतोय.

पेटी लाकडाची चालेल ना?

जरीकाठ

लाकडातून आम्ल वाफा येतात. आतून ॲल्युमिनियमचा कागद लावून घ्या, त्यावर सुती कापड, मग बॅनर. नवं पॉलिश करू नका. केलंच असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

दांडीधर

आणि पेटी उचलणार कोण, तेही आत्ताच ठरवा. मला माहितीय कुणाला हाक येणार ते.